बुवांना ताल दाखवला तेव्हा

"अहो बाई, उतरलात कुठे? सम अजून वाटेत आहे!"

नरहरबुवा कवठेकरांनी गाता गाता थांबून हे वाक्य फेकलं आणि तालमीच्या हॉलमधला तंबोरासुद्धा गप्प झाला. मी नुकतीच पायाच्या अंगठ्यावरून खाली उतरले होते. दोन्ही हात हवेत, मान तिरकी, चेहऱ्यावर नाच संपल्याचं हसू. ते हसू तिथल्या तिथे वाळलं.

"माझे आठ पूर्ण झाले, बुवा," मी म्हटलं.

"तुमचे झाले असतील. माझे सोळा आहेत. अर्ध्या वाटेत उतरलात. गाव आलं नाही आणि तुम्ही बॅगा घेऊन खाली!"

मागे उभ्या असलेल्या पोरी फिसकन हसल्या. मी वळून पाहिलं तशा गप्प झाल्या, पण माझ्या कानांतून धूर निघत होता. मला बाई म्हणतो हा माणूस! सत्तावीस वर्षांची होते मी, आणि अख्ख्या मुंबईत माझ्याइतका वेळ एका अंगठ्यावर उभी राहणारी दुसरी मुलगी नव्हती. हे मी तेव्हाही सांगत असे आणि आजही सांगते. खोटा विनय मला जमत नाही.

मोजणीचं भांडण रोजचंच होतं. बॅलेत आम्ही आठपर्यंत मोजतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. आमचे सगळे आठ जुळ्या बहिणींसारखे, कुठलाही घ्या. बुवा गायचे तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांत. त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. सगळं गाणं फिरून फिरून तिच्यावर येऊन टेकतं. नववी मात्रा म्हणजे खाली, तिथे ताल रिकामा होतो. आठ मोजून मी ज्या जागेला सम समजून रुबाबात उतरायची, ती बहुतेक वेळा नेमकी खाली निघायची. बुवांना ते मी स्वयंपाकघराच्या दाराऐवजी न्हाणीघरात शिरल्यासारखं वाटायचं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे.

हे सगळं आमच्या डोक्यावर आणून बसवलं सिसिलियाताईंनी. सिसिलिया तुस्कानो मूळच्या वसईच्या. घरी मराठी, चर्चमध्ये मराठी आणि नाच मात्र बॅले. त्यांनी नवीन बॅले बसवायला घेतला होता. एक बाई रात्रभर कुणाची तरी वाट बघते आणि शेवटी स्वतःच चालू लागते, एवढीच गोष्ट. संगीत बिहाग रागाचं, आणि ते टेपवर नाही. रंगमंचावरच एका बाजूला बैठक मांडून बुवा गाणार आणि आम्ही त्यावर नाचणार.

"टेपवर नाच रोज तोच होतो गं, नंदिता," ताई म्हणायच्या. "मला ती बाई रोज नव्यानं वाट बघताना हवीय."

मला ती जुन्यानंच वाट बघताना चालली असती. इतकी वर्षं मी मागच्या रांगेत काढली होती. उंचीमुळे! मला उचलायचं म्हटलं की पुरुष नर्तकांचे चेहरे उतरायचे. या बॅलेत पहिल्यांदाच मुख्य भूमिका माझी होती, कारण या बाईला कुणी उचलणारच नव्हतं. शेवटी तिनं एका अंगठ्यावर तोलून उभं राहायचं, बुवा फिरून समेवर आले की त्याच क्षणी उतरायचं आणि चालू पडायचं. तो एक क्षण माझा होता. तो या म्हाताऱ्याच्या लहरीवर सोडायचा? कधी ते दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत, परत यायचे, कधी पाच. वर डोळे मिटून. समोर कुणी पडलं काय, मेलं काय, यांना पत्ता नाही.

तेव्हा मी सरळ मोहिल्यांकडे गेले. मोहिले आमच्या संस्थेचे सचिव. सरावासाठी बुवांचं गाणं एकदा टेप करून ठेवलेलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"टेप लावा," मी म्हटलं. "टेप डोळे मिटत नाही."

"आणि टेपला खोकला होत नाही," मोहिले म्हणाले. त्यांनाही तेच हवं होतं. एवढ्या बैठकीचा लवाजमा पुणे, नागपूर, इंदूर फिरवायचा म्हणजे त्यांना नुसता खर्च दिसत होता. "पण सिसिलियाबाई ऐकायच्या नाहीत. असं करू. पहिला प्रयोग बुवांचा. गाडी घसरली, तर पुढचे सगळे प्रयोग टेपवर. घसरली की नाही ते तू सांगायचं. तू मुख्य. तुझा शब्द अखेरचा."

मी खुशीत परतले. म्हातारबुवांची दोरी आता माझ्या हातात होती.

पण पहिला प्रयोग तर निभवायचाच होता, आणि तो फजिती करून घेऊन निभवण्यातली मी नव्हे. म्हणून दुपारच्या सुट्टीत मी दस्तगीरभाईंना गाठलं. दस्तगीरभाई मिरजेचे, बुवांचे जुने तबलजी. डबा खात बसले होते.

"भाई, सम आणि खाली यांतला फरक मला कळत नाही. मला दोन्ही सारख्याच वाटतात."

त्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "मोजूच नका. डग्ग्याकडं कान द्या. हा डावा, मोठा आवाजवाला. ह्यो गप्प झाला, की खाली आली समजा. पुन्हा बोलायला लागला, की सम जवळ आली. मोजायचं काय त्यात? घरात माणूस हाय का न्हाई ते काय मोजून कळतंय?"

मी चार दिवस डग्गा ऐकत हिंडले. जेवताना, जिना चढताना, कपडे धुताना. आणि मग एका सकाळी तो कळला की हो! ऐकता ऐकता मध्येच पायाखालची जमीन पोकळ व्हायची, मग पुन्हा भरायची. मला इतका आनंद झाला की बुवा गात असताना मी त्यांच्या समोरच मांडी घालून बसले आणि हातानं ताल धरला. टाळी, टाळी, खालीला तळवा वळवून हात बाजूला, पुन्हा टाळी. मैफलीत पुढच्या रांगेतले लोक धरतात तसा. वाटलं, म्हातारा खूश होईल. पोरगी सुधारली म्हणेल.

नेमके त्या दिवशी बुवांनी डोळे उघडले.

गाणं थांबलं. "मला ताल दाखवायला बसलीस?"

"नाही बुवा, मी तर शिकत..."

"माझ्या गुरूंच्या मागे मला कुणी ताल दाखवलेला नाही! चाळीस वर्षं! आणि ही टाचा वर करून चालणारी पोर मला मात्रा मोजून देणार?"

त्यांनी शाल उचलली आणि चालू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सिसिलियाताई त्यांच्या मागे धावल्या, दस्तगीरभाई तबल्यावर कापड टाकत मान हलवत राहिले. मी तशीच जमिनीवर बसून होते, हात अजून मांडीवर.

तंबोऱ्यावर बसलेली बुवांची मुलगी कालिंदीताई माझ्याजवळ आली. शांत बाई. तोवर तिचा आवाज मी गाण्यातच ऐकला होता, बोलण्यात नाही.

"तुला माहीत नव्हतं, त्यामुळे तुझा दोष नाही," ती म्हणाली. "पण मोठ्या गवयाला समोर बसून ताल दाखवायचा नसतो. तू चुकतोयस, असा त्याचा अर्थ होतो. ऐकणाऱ्यांतल्या जाणकारानं मान डोलवत धरला तर गोष्ट वेगळी. बरोबरच्या माणसानं, तोही बाबांसारख्याला? मी इतकी वर्षं मागे बसते, मांडीवरचं बोटसुद्धा हलू देत नाही."

"आणि खरंच चुकले तर?"

तिनं तंबोऱ्याची तार उगाचच पुसली. "चुकतात हल्ली. कधी तरी. दस्तगीरभाई सांभाळून घेतात. अर्धं आवर्तन गुपचूप गिळतात आणि ठेका बाबांच्या सोयीनं फिरवतात. लोकांना कळत नाही." मग हळूच म्हणाली, "त्यांना कार्यक्रम येत नाहीत आता, नंदिता. हा गेला तर घरीच बसतील. आणि घरी बसले की संपले बघ ते. मी ओळखते ना त्यांना."

मोहिल्यांनी माझ्या हातात दिलेली दोरी एकदम चटका देऊ लागली. तरी खरं सांगते, मत बदललं नव्हतं माझं. दया वेगळी आणि माझा शेवटचा क्षण वेगळा.

बुवा दुसऱ्या दिवशी आले. माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही. ते शेर तर मी सव्वाशेर.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. गाण्याचे दर्दी डावीकडे, नाचाचे उजवीकडे, आणि दोघेही एकमेकांकडे 'हे कशाला आलेत' अशा नजरेनं बघत होते. बुवांची बैठक रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात, हातभर उंच लाकडी चौथऱ्यावर. आमची तोंडं प्रेक्षकांकडे, त्यांच्याकडे पाठ. बॅलेत प्रेक्षकांकडे पाठ करणं म्हणजे पाहुण्यांसमोर ताटावरून उठून जाणं. लहानपणापासून आम्हाला ते रट्टे देऊन शिकवलेलं.

आणि बुवा काय गायले त्या दिवशी! मी त्यांच्यावर चिडलेली होते तरी सांगते. बिहागाचा तो वरचा गंधार लागला आणि माझा हात माझ्या नकळत उचलला गेला, ताईंनी बसवला होता त्यापेक्षा उशिरा आणि त्यापेक्षा हळू, पण बरोबर तिथेच. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की ताई कशासाठी हट्ट धरून बसल्या होत्या. मी नाचत नव्हते. मी वाट बघत होते. पुढचा सूर कुठून येईल हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

शेवट आला. मागच्या पोरी ठेक्यावर लाटेसारख्या डोलत होत्या. मी पुढे येऊन अंगठ्यावर चढले, एक पाय मागे ताणला, हात पसरले. बुवा तानेत शिरले, गरागरा वर गेले, खाली आले, समेवर नेणारा बंदिशीचा मुखडा उचलला आणि दणक्यात टेकले.

मी उतरले नाही.

डग्गा गप्प होता! पायाखालची जमीन पोकळ होती. बुवा समेवर आले नव्हते, खालीवर आले होते. माझी इतक्या दिवसांची चूक त्या दिवशी त्यांनी केली.

डावीकडच्या दर्दींत कुणीतरी चुळबुळलं. मागून दस्तगीरभाईंची थाप जोरात पडली, खरी सम त्यांनी ठणकावून सांगितली. पण बुवा तंद्रीत. तसेच पुढे निघाले, अर्ध्या आवर्तनानं चुकलेलेच. आता भाईंनी नेहमीसारखं अर्धं आवर्तन गिळायचं, की झालं. मग गिळत का नाहीत? तेवढ्यात लक्षात आलं. त्या ठेक्यावर मागे दहा मुली नाचत होत्या. ठेका फिरवला असता, तर दहाही जणी एकमेकींवर आपटल्या असत्या. आमच्यामुळे भाईंचे हात बांधलेले, रिवाजामुळे कालिंदीताईचे. एका बाजूला बुवा, एका बाजूला नाच, आणि मध्ये मी एका अंगठ्यावर. पोटरीत कळा येऊ लागलेल्या.

मला काहीच करायची गरज नव्हती. भाईंच्या समेवर उतरायचं, चालू पडायचं, पडदा. माझा नाच बिनचूक झाला असता. बुवा एकटेच गात राहिले असते, चुकीच्या जागी, सगळ्या दर्दींच्या देखत. मोहिले पहिल्या रांगेत बसले होते, माझ्याकडेच बघत.

मी उतरले आणि पाठ फिरवली. भरलेल्या नाट्यगृहाकडे पाठ करून सरळ बुवांच्या चौथऱ्याकडे चालत गेले, त्यांच्या समोर गुडघे टेकून बसले, आणि पुढची सम आली तेव्हा त्या लाकडावर तळवा आपटला.

बुवांनी डोळे उघडले.

ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी त्यात राग आला, मग भीती, आणि मग, देवा, ती ओळखीची झाली. मी हात हलवत राहिले. पुन्हा टाळी, लाकडावर. मग खाली आली तशी तळवा वळवून हात लांब बाजूला नेला, बॅलेत नेतात तसा, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. हा घ्या बुवा. इथून.

आणि त्यांनी घेतला. खालीपासून मुखडा उचलला, माझ्या हाताकडे बघत बघत गायले, मीही उठत गेले, वर, अजून वर, आणि ते समेवर आले तेव्हा मी त्यांच्याच समोर अंगठ्यावर उभी होते. डग्गा घुमला. मागच्या मुलीही तिथेच येऊन थांबल्या. डावीकडचे आणि उजवीकडचे एकदमच ओरडले.

मी चालायला लागले तेव्हा माझे पाय थरथरत होते. बाईनं असंच चालायला हवं होतं, असं सिसिलियाताई नंतर म्हणाल्या.

मेकअपच्या खोलीत नुसता गोंधळ. कुणी फुलं देतंय, कुणी मिठ्या मारतंय. बुवा कोपऱ्यात खुर्चीवर बसून कोमट पाणी पीत होते. मोहिले गर्दीतून वाट काढत आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "नंदिता, तो हातानं ताल धरायचा भाग? तालमीत पाहिला नव्हता. बसवलेलाच होता ना?"

कालिंदीताई तंबोऱ्याला गवसणी घालता घालता थांबली.

"बसवलेलाच होता," मी म्हटलं. "ताईंनी शेवटच्या दिवशी घातला."

सिसिलियाताईंनी माझ्याकडे पाहिलं. या बाई जन्मात खोटं बोललेल्या नव्हत्या, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायच्या. "हो," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी."

"साफ खोटं," बुवा म्हणाले.

त्यांनी पेला खाली ठेवला. "मी चुकलो, मोहिले. खालीवर टेकलो, नवशिक्यासारखा. आणि या पोरीनं मला भर सभेत ताल दाखवला."

कालिंदीताईनं तोंडावर पदर घेतला. मला जमिनीत जावंसं वाटलं. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर हा माणूस ताठ उभा होता, ती त्यानं स्वतःच्या हातानं काढून मोहिल्यांपुढे ठेवली होती.

मोहिले खाकरले. "बुवा, तुमचा मोठेपणा आहे. पण आता तुम्हीच म्हणताय, तर पुढच्या प्रयोगांना दगदग नको तुम्हाला. आपल्याकडे टेप आहेच. नंदिताचंही मत..."

"नंदिताचं मत बदललंय," मी म्हटलं. जरा जोरातच. "टेप लावली तर मी नाचणार नाही."

बुवा माझ्याकडे बघत होते. टेपची मागणी कुणी केली होती ते त्यांना आत्ताच कळलं असणार. पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तरी तिथेच सोडलं.

"मोहिले," ते म्हणाले, "मी चुकलो तर ही आहे. ही चुकली तर मी आहे. तुमची टेप चुकली, तर तिला कोण आहे हो?"

दस्तगीरभाई कोपऱ्यातून "वा!" म्हणाले, गाण्याला देतात तशी दाद, आणि तिथेच तो विषय संपला.

बुवा आमच्याबरोबर पुण्याला आले, नागपूरला आले. आता ते डोळे उघडे ठेवून गायचे. हाताचा तो भाग ताईंनी खरंच नाचात घातला, आणि सिसिलियाताईंची ही कल्पना कशी अभिनव आहे, यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आलं. आम्ही कुणी काही बोललो नाही.

नागपूरच्या प्रयोगाची गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही, कारण ती कुणाला कळलीच नाही. शेवटाकडे वळताना माझा घोटा मुरगळला. कट्‌ असा आवाज माझा मला ऐकू आला आणि मी खाली बसले. पडले नाही, बसले, कशीबशी, बाईनं थकून बसावं तशी. बुवांनी मुखडा उचललेलाच होता. चार मात्रांत सम येणार होती आणि त्या समेला मी अंगठ्यावर हवी होते. मला उठताच येईना. संपलं, म्हटलं, सगळ्यांच्या देखत संपलं.

सम आली नाही. बुवांनी अर्ध्यातून मुखडा सोडून दिला. वाटेतला एक सूर, निषाद, धरला आणि त्याच्यावरच रेंगाळत राहिले, जणू पुढे जायचं त्यांच्या मनातच नव्हतं. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, दम पुरत नव्हता, मानेच्या शिरा ताणलेल्या मला तिथून दिसत होत्या. प्रेक्षकांना वाटलं बुवांना काय बहार आलीय. मी एक हात जमिनीवर टेकला, मग गुडघा, मग दुसरा पाय, आणि उभी राहिले. चांगल्या पायाच्या अंगठ्यावर चढले. तेव्हा कुठे त्यांनी श्वास घेतला आणि समेवर आले.

पडदा पडल्यावर मी लंगडत त्यांच्यापाशी गेले. रडत होते मी, लपवत नाही. "बुवा, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी कसलं?" ते शाल झटकत म्हणाले. "बिहाग आहे तो. आज जरा जास्त गावासा वाटला."